नळ आले की अण्णा येतात

शेगावात नळ आले की गल्लीत दोन आवाज सुरू होतात. एक मोटरींचा, दुसरा अण्णांचा. मोटरी टाक्या भरल्या की बंद होतात.

असे अण्णा गावोगावी, गल्लोगल्ली असतात. आमचे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. तिथे जन्मभर त्यांनी सांभाळली ती कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं. धरण पाहिलं ते सहलीला. तरी पाण्याबाबत अंतिम शब्द त्यांचाच. खिशात टेफलॉन टेपचं रिळ कायम असतं, पान्याला मात्र ते हात लावत नाहीत. "पाना कोणीबी फिरवते, कुठं थांबाचं ते सांगाले माणूस लागते!" हे त्यांचं ब्रीद.

खरी पंचाईत अशी की अण्णा बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकणारा सल्लागार टाळता येतो; बरोबर असणाऱ्याला चहा पाजावा लागतो. टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर सांधा आवळताना ती उकलून बाहेर येते आणि गळती तशीच राहते, हे त्यांनी आख्ख्या गल्लीला पाठ करायला लावलंय. गिझरच्या तोंडाला साधा पीव्हीसी पाईप लावलेला दिसला की त्यांचा जीव वरखाली होतो. "साठ अंशाच्या वर हा मऊ पडते, बापा! सीपीव्हीसी टाक, तो नव्वदलेबी भीत नाही." घरमालकाला फक्त पाईपचा भाव हवा असतो.

गिझर उघडायचा दिवस म्हणजे अण्णांचा सण. आपला हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, आणि इथल्या बोअरचं पाणी गिझरमध्ये वर्षभर तापलं की काय होतं ते अण्णा परातीत काढून दाखवतात. एलिमेंट ओळखूच येत नाही. वर पांढरट, खरबरीत थर, नखानं टोकरला की पापुद्रे पडतात. "वीज पाणी नाही तापवून रायली, हा दगड तापवून रायली," अण्णा जाहीर करतात. मग कोणी तरी हळूच संडासाच्या ॲसिडची बाटली पुढे करतं आणि अण्णा खवळतात. ॲसिड क्षाराबरोबर धातूही खातं. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवा, वेळ लागू द्या.

त्यानंतर येतो मॅग्नेशियमचा दांडा. टाकीला गंज लागू नये म्हणून तो आत स्वतः झिजतो, आणि खाऱ्या पाण्यात जरा लवकरच झिजतो. उरलेला काटकुळा तुकडा हातात धरून अण्णा गहिवरतात. "दुसऱ्यासाठी स्वतः झिजणारा! मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, असा एक माणूस पाह्यला नाही." सेवापुस्तकं त्यांनीच सांभाळलेली असल्यामुळे यावर कोणी वाद घालत नाही.

मे महिन्यात त्यांचा धंदा बसतो. गच्चीवरची काळी टाकी दुपारी असं पाणी सोडते की गिझरची आठवण नको वाटते. तेव्हा ते सोलरकडे वळतात आणि गच्चीवर चढून हवेची नळी कोणी बुजवली तर नाही ना, ते पाहतात. प्रगटदिनाला पाहुणे येतात. दर्शन झालं, कचोरी आली, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत अण्णांचा प्रश्न: "तुमच्याकडे बोअर का नळ?"

एका बाबतीत मात्र मी त्यांना हसत नाही. थंडीत न्हाणीघराच्या झरोक्यात कागद कोंबून आत गॅस गिझर लावणारी घरं त्यांनी दारोदार फिरून शोधली आणि कागद स्वतः उपसून काढले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत पडतो, हे सांगताना त्यांचा आवाज चक्क खाली येतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर जाईपर्यंत रोज सकाळी दारात उभे.

त्यांच्या स्वतःच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. त्याच्या तोटीबद्दल अण्णा एकदा बोलायला गेले, तर काकूंनी हद्द आखून दिली: "गल्लीभरच्या तोट्या तुमच्या. ही माही."

आमचा प्लंबर पोरगा पूर्वी अण्णांची चाहूल लागली की गाडी वळवायचा. आता तो त्यांना मागच्या सीटवर बसवून आणतो. कारण त्याला सापडलंय. घरमालक कामावर डोक्याशी उभा राहतो: किती वेळ लागेल, हे नवीनच टाकावं लागेल का, जुनं वायसर का नाही चालत? अण्णा आले की ते मालकाला धरून बसवतात आणि मॅग्नेशियमच्या दांड्यापासून सुरू करतात. थोड्या वेळात मालकाला आत महत्त्वाचं काम आठवतं आणि पोरगा निवांत पाना चालवतो.

परवा माझ्या मोरीतली तोटी गळायला लागली म्हणून त्याला फोन केला.

"अण्णा खामगावले गेले, काका," तो म्हणाला. "सोमवारी येतात. तवाच येतो मी."