मारुतीच्या कमरेला पाणी

नोकराचा देव करणारी गावे महाराष्ट्रात मोजकीच असतील, आणि देवाला नोकरीस लावणारे गाव तर, आमच्या अल्प माहितीप्रमाणे, एकच आहे. परंतु ही दोन्ही कृत्ये एकाच नदीच्या एकाच घाटावर, हाकेच्या अंतरावर करून दाखविण्याचा लौकिक नाशिककरांखेरीज अन्य कोणास संपादन करता आलेला नाही. पहिल्या कृत्याचा दाखला म्हणजे देव मामलेदार. सटाण्याचे मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी 1870-71 च्या दुष्काळात वरिष्ठांच्या मंजुरीची प्रतीक्षा न करता सरकारी खजिना रयतेला वाटून टाकला, आणि पुढे तपासणी झाली तेव्हा, असे सांगतात की, खजिन्यात पैचीही तूट आढळली नाही. 1887 साली नाशिक मुक्कामी त्यांनी देह ठेवला, गोदातीरी त्यांची समाधी झाली, आणि त्यांच्या नावाच्या पटांगणावर 1922 पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेत नाशिककर ऐन मे महिन्यात देशाच्या दुरवस्थेवरील व्याख्याने गार वाऱ्यात ऐकत असतात. खजिना वाटूनही तो पुरा भरण्याचा चमत्कार असा एकदाच घडला. याच्या उलट दिशेचे चमत्कार, म्हणजे एक छदामही न वाटता खजिना रिता आढळण्याचे, पुढे ठिकठिकाणी घडले असावेत; परंतु त्या अंमलदारांची मंदिरे बांधण्याची तजवीज अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

दुसऱ्या कृत्याचा दाखला म्हणजे दुतोंड्या मारुती. रामकुंडाच्या खालच्या अंगास, गंगेच्या ऐन पात्रात (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात, आणि उत्तरेतील त्याच नावाच्या नदीविषयी त्यांच्या मनात धाकट्या बहिणीइतकाच आदर असतो), दोहोंकडे दोन मुखे करून उभा असलेला, माणसाच्या दुपटीहून कमी उंच नसलेला हा शेंदरी मारुती पाटबंधाऱ्यांच्या दप्तरात कोठेही नोंदलेला नाही; त्याच्या नावे हजेरीपट नाही, महागाई भत्ता नाही, भिजल्याबद्दल वैद्यकीय रजा नाही, आणि तो ब्रह्मचारी असल्यामुळे कौटुंबिक अडचणीच्या सबबीवर बदली मागणारा अर्जही त्याच्याकडून कधी येत नाही. तरीही आषाढापासून भाद्रपदापर्यंत नदीचे पाणी किती चढले हे शहराला कळविण्याचे काम तो इतक्या चोखपणे बजावतो की, ज्या शहराने 1864 साली नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका स्थापन करून पाहिली, त्या शहराचा पुरासंबंधीचा सगळा इतबार अजूनही या एका बिनपगारी सेवकावरच आहे. त्याच्या वरचा अधिकारी म्हणजे नारोशंकराची घंटा. 1739 मध्ये वसई सर झाल्यावर पोर्तुगिजांकडून आलेली, अंगावर 1721 हा सन मिरविणारी ही घंटा 1747 साली बांधलेल्या मंदिराच्या नदीकडील भिंतीवर टांगलेली आहे, आणि जुनी माणसे सांगतात की पाण्याने मारुतीचे मस्तक ओलांडल्यावर पुढील निवाडा तिच्याकडे जातो. म्हणजे हाही खटला रीतसर खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात चढतो.

मारुतीची मोजणी सोपी आहे: पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा, मस्तक. याउलट सरकारी मोजणी क्युसेकची. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले असूनही ‘गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग’ हा आकडा कानी पडला म्हणजे नाशिककराच्या मुद्रेवर तोच भाव उमटतो जो अंदाजपत्रकातील महसुली तुटीचा आकडा ऐकून उमटतो. आकडा मोठा आहे, तेव्हा काही तरी गंभीर असावे, एवढेच त्याला उमगते. धरणाची साठवण 5630 दशलक्ष घनफूट. वृत्तपत्रे जागेच्या टंचाईमुळे ते ‘दलघफू’ असे छापतात, आणि तो शब्द मोठ्याने उच्चारला असता कोणी तरी पाण्यात पडल्याचा भास होतो. मात्र ‘कमरेला लागलं’ हे दोन शब्द कानावर पडताच सराफ बाजारातील पेढीवरचा मुनीम चोपड्या वरच्या फळीवर ठेवू लागतो, भांडी बाजारातील पातेली माळ्यावर चढू लागतात, आणि दहीपुलावरचा दुकानदार, ज्याच्या पायाखालून वाहणारा सरस्वती नाला पुराच्या दिवशी आपले बुजलेले अस्तित्व आवर्जून सिद्ध करतो, तो तर कोणी काही सांगण्यापूर्वीच शटर अर्धे ओढून घेतो.

तथापि या मोजणीतही मतभेदास वाव आहे, आणि वाव असेल तेथे मतभेद करणे हे नाशिककर आपले नागरी कर्तव्य समजतो. पाऊस दोन दिवस ओसरला नाही की अर्धे शहर होळकर पुलावर लोटते. 1895 सालचा हा पूल व्हिक्टोरिया राणीच्या नावाने बांधला गेला व पुढे अहिल्याबाईंच्या नावाने पुण्यवान झाला; परंतु दोन्ही स्त्रियांनी मिळूनही पाहिली नसेल एवढी प्रजा तो पुराच्या एका दुपारी कठड्यावर ओणवलेली पाहतो. कणीस भाजणारे, चहावाले आणि भजीवाले आपापल्या मोक्याच्या जागा पटकावतात. पोलीस शिट्ट्या फुंकतात, आणि गर्दी त्या शिट्ट्यांना पुराच्या वाद्यवृंदाचा भाग समजून अधिकच उल्हसित होते.

“छातीला लागलंय.”

“कसली छाती हो? अजून कंबरसुद्धा बुडाली नाही. चष्मा बदला.”

“मी सकाळी खाली जाऊन बघून आलोय.”

“सकाळी गुडघा होता. तुम्ही बघितला तो शेंदराचा पट्टा.”

एवढ्यात कोणाच्या तरी खिशात दूरध्वनी वाजतो. पलीकडे कॅनडातील एखाद्या हिमाच्छादित गावी स्थायिक झालेला चिरंजीव असतो. त्याच्या गावात गेल्या आठवड्यातील सर्वांत मोठी घटना म्हणजे कोणाचे तरी मांजर झाडावर अडकणे ही असून, आपल्या जन्मगावी आज मारुती बुडतो आहे आणि आपण येथे बर्फ उपसतो, याचे शल्य त्याला रात्री झोपू देत नाही. (ऑगस्टात बर्फ कसला, असे कोणी विचारील. पुरापुढे कालविपर्यास क्षम्य असतो.) “गळ्यापर्यंत आलंय रे,” असे वडील त्याला सांगतात, कारण एवढ्या दुरून फोन करणाऱ्याला नुसती कंबर सांगणे बरे दिसत नाही.

या जनसमुदायात ज्येष्ठतेची यादी असते व ती पुरांवर ठरते. 1969 चा महापूर पाहिलेले गृहस्थ आता थोडेच उरले आहेत. त्यांच्यापुढे पुराविषयी बोलण्यास कोणी धजत नाही, आणि कोणी धजलेच तर “एकोणसत्तर सालचं पाणी तुम्ही पाहिलं नाही” या एका वाक्याने त्याचा दावा खर्चासह निकाली निघतो. त्यांच्या खालोखाल 2008 वाले. 2016 व 2019 ची मंडळी अद्याप उमेदवारीत आहेत. त्यांच्यापाशी चलचित्रे आहेत, परंतु अनुभव नाही, असे वरच्या श्रेणीचे मत पडते. आम्ही स्वतः कोणत्या श्रेणीत बसतो हे येथे उघड करणार नाही, कारण त्यामुळे या लेखाची किंमत वाचक त्याच मापाने ठरवतील.

पूर पूर्वी आकाशातून येत असे. आता तो हुकमाने येतो. वर मातीचे गंगापूर धरण आहे, त्याला दारे आहेत, दारांवर अंमलदार आहेत, आणि दुपारी अमुक वाजता विसर्ग वाढविण्यात येईल, सबब नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे, असे फर्मान सकाळीच निघते. ज्या आपत्तीची वेळ आगाऊ जाहीर होते तिला आपत्ती म्हणावे की कार्यक्रम, हा प्रश्न सुज्ञांना पडावा. नाशिककरांनी तो कार्यक्रमाच्या बाजूने केव्हाच सोडविला आहे. 2008 च्या पुरानंतर मात्र सरकारला जाग येऊन नदीच्या दोन्ही काठांवर पूररेषा आखण्यात आल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. या रेषा नकाशावर अत्यंत सुबक दिसतात. त्यांच्या आत ज्यांचे भूखंड सापडले त्यांनी मोजणी चुकल्याच्या कैफियती दिल्या, फेरमोजणीची मागणी केली, आणि बैठकींमागून बैठकी झाल्या. फेरमोजणीचा अर्ज आजवर केला नाही असा पूररेषेच्या आतील एकमेव कायम रहिवासी म्हणजे मारुती होय.

दुसरा एक वर्ग मात्र पूर पाहण्यास पुलावर जात नाही, कारण पूर त्याच्याकडेच येतो. फुलवाले, पूजासाहित्याच्या टपऱ्या, बुधवारच्या बाजारात घाटावर पाल ठोकणारे भाजीवाले, पिंडदानाला आलेल्या यजमानांचे केस उतरविणारे नाभिक: यांच्या लेखी मारुतीचा पाय भिजला हाच पूर असतो. पुलावरील मंडळी ज्या वेळी कंबर की छाती या वादात रंगलेली असतात, त्या वेळी ही माणसे पत्रे, खांब, पेट्या आणि देवांच्या तसबिरी खांद्यावर घेऊन वरच्या पायऱ्या चढत असतात. पाणी उतरल्यावर पंचनाम्याचे कारकून येतात व टपरीची कागदपत्रे मागतात. कागदपत्रे असती तर टपरी घाटावर कशाला असती, असा प्रतिप्रश्न करण्याची घाटावर रीत नाही.

पुराचा एक फायदा मात्र सर्वपक्षीय आहे. वर्षभर पात्रात साचलेल्या पाणवेली, प्लास्टिक, निर्माल्य आणि श्राद्धाच्या पत्रावळी हे सर्व एका दुपारी बिननिविदा उचलले जाते व निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरी पोहोचते, जेथे 2020 पासून आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा लाभलेले पाणथळ आहे आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. “गंगेनं आपणच घाट धुतला,” असे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. धुतलेले कोठे गेले हे पक्ष्यांनी पाहून घ्यावे.

खरी मौज आश्विनात येते. श्रावणात जे पाणी “सोडा, धरण फुटेल” म्हणून शहराने खाली लोटलेले असते, तेच पाणी आश्विनात “सोडू नका, आमच्या तोंडचे आहे” म्हणून अडविण्यासाठी तेच शहर उभे राहते. पैठणचा जायकवाडी प्रकल्प 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपर्यंत भरलेला नसेल तर वरच्या धरणांनी तूट भरून द्यावी, असे पाणीवाटपाविषयीच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राचे तात्पर्य. त्यामुळे वस्तुतः ज्या सराफाच्या दुकानात श्रावणात गुडघाभर पाणी शिरले त्याने राजकीयदृष्ट्या पेढे वाटावयास हवेत, कारण पुराने जायकवाडी जितके भरेल तितका आश्विनातील तंटा कमी. हे तर्कशास्त्र अद्याप सराफ बाजारास मान्य झालेले नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला तर आमच्या कंबर-छातीचे काडीमात्र सोयरसुतक नाही. त्याच्या विहिरीत मारुती नसतो, आणि पाणीही नसते. दुतोंड्या हे नाव पात्रातल्या मूर्तीला कसे पडले असावे याविषयी काठावरच्यांनी फारशी चौकशी केलेली नाही, ते बरेच आहे.

2023 साली नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टी.एम.सी. (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा हुकूम झाला, त्यात गंगापूरच्या वाट्याला अर्धा टी.एम.सी. आला. मोर्चे निघाले, निवेदने गेली. त्या सुमारास घाटावरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र वाचून हा अन्याय मोठ्या आवाजात समजावून सांगत होते. शेजारी बसलेल्या फुलवाल्याने विचारले,

“अर्धा टीएमसी म्हणजे मारुतीच्या कुठपर्यंत हो?”

गृहस्थ अडखळले. पण ते हिशेबी होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार-भागाकार मांडला. ते पाणी बारा तासांत सोडले तर साडेअकरा हजार क्युसेक, मारुती निश्चित भिजणार. पंधरा दिवसांत सोडले तर चारशे क्युसेकही नाही, पायसुद्धा ओले होणार नाहीत. पाणी तेवढेच.

“मग पंधरा दिवस घेऊ देत की त्यांना,” फुलवाला म्हणाला, “टपरी हलवायला नको.”