छपराला भोक

मे महिना उतरणीला लागला की कोकणातला माणूस वर बघत चालतो. आभाळाकडे नव्हे, आढ्याकडे. कुठून उजेडाची तिरीप आत येते आहे, हे तो दुपारच्या वेळी माजघरात उभा राहून हेरून ठेवतो, कारण आज जिथे तिरीप तिथे जूनमध्ये धार. मग शिडी लागते, गडी वर चढतो, कौलं चाळली जातात, फुटकी खाली येतात, कोन्यांचे सांधे लिंपले जातात. पिढ्यान् पिढ्या घराचा कर्ता पुरुष म्हणजे छपराची भोकं बुजवणारा माणूस. अशा मुलखात, दापोलीजवळच्या आमच्या घरी, यंदा ऐन मे महिन्यात एक जण छपराला भोक पाडायला आला, आणि तोही आम्ही बोलावून. काकांनी त्याचं कोटेशन चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचलं. "इतकी वर्षं हे घर फुकटात गळलं," ते म्हणाले, "आणि आता भोकाला पैसे?"

"भोकाला नाही हो काका," फिटर नम्रपणे म्हणाला, "भोकावरच्या झाकणाला."

झाकण म्हणजे कारखान्यांच्या शेडवर गरगरताना दिसतो तो ॲल्युमिनियमचा गोळा. चाकणहून, नाहीतर महाड-लोट्याच्या एमआयडीसीवरून जाताना ते रांगेने फिरताना दिसतात, आणि खाली काय बनतं आहे याची कल्पना नसलेल्या प्रवाशाला उगाच वाटतं की इथे वाराच बनत असावा. त्याला वीज लागत नाही. वाऱ्याने तो फिरतो, आणि वारा पडला तरी खालची तापलेली हवा वर चढताना त्याच्या वाकड्या पात्यांमधून वाट काढते. एका सुलतानाचं रुपेरी पागोटं आमच्या घराच्या डोक्यावर चढणार, ही बातमी वाडीत पसरली तेव्हा कुणी विचारलं, वीज तयार होते का. कुणी विचारलं, कळस का बसवताय. आणि एका म्हाताऱ्या बाईंनी, जपून, काकूंच्या कानाशी लागून विचारलं, घरात काही बाधा वगैरे आहे का.

बाधा होती ती पत्र्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि जाताना गावच्या बहुतेक छपरांचा हिशेब करून गेलं. आमची मंगलोरी कौलं अंगणात, विहिरीत, शेजारच्या सुपारीच्या बागेत अशी विखुरली. त्या पावसाळ्याच्या तोंडावर कौलं मिळेनात, चाळणारे गडी मिळेनात. जी कौलं वाचली होती त्यांच्यावर माकडांनी आपला नेहमीचा आखाडा मांडला. शेवटी काकांनी मान तुकवली आणि घरावर लाल रंगाचा पत्रा आला. लाल अशासाठी की लांबून कौलासारखा दिसावा. लांबून तो दिसतोही. फक्त आपण घरात राहतो ते जवळून.

कौल ही मुळात फार सैल वस्तू. मंगळुरात बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ती खाचांची लालभडक कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. पण मंगलोरी असो की गावच्या कुंभाराचं नळीचं, कौल रिपेवर नुसतं टेकलेलं असतं. दोन कौलांमध्ये केसाएवढी फट राहते, आणि अशा हजारो फटी मिळून घराचं नाक होतं. पाणी बाहेर, हवा बाहेर, धूरही बाहेर. लहानपणी आम्ही संध्याकाळी समुद्रावरून परत येताना चढणीवर थांबायचो, तेव्हा खालच्या वाडीतली सगळी छपरं मंद धुमसताना दिसत. आग नव्हे, ते रात्रीच्या भाताचे आणि कुळथाच्या पिठल्याचे धूर, चुलीवरून आढ्यापर्यंत चढून कौलांतून पाझरणारे. कोणत्या घराचं जेवण उरकत आलं आहे, हे त्या चढणीवरून सांगता यायचं.

पत्रा मात्र कर्तव्यदक्ष. स्क्रू, वॉशर, सिलिकॉन. थेंब आत येऊ देणार नाही, आणि त्याच निष्ठेने उष्मा बाहेर जाऊ देणार नाही. मे महिन्यात असला पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज तापतो. त्याच्या खाली माळा, माळ्याखाली तक्तपोशी, तक्तपोशीखाली आम्ही. तापलेली हवा माळ्यावर निवृत्त न्यायाधीशासारखी बसून असे. तिला उठवण्याचं धाडस कुणी करत नसे आणि रात्री अकरालाही तिचा निकाल आमच्या डोक्यावर असे. माळ्यावर ठेवलेली गुळाची ढेप एका उन्हाळ्यात आपला आकार विसरली. गणपतीच्या मखराचा थर्माकोल वाकला. आंब्याची अढी तर काकूंनी पहिल्याच वर्षी खाली आणली, कारण पेंढ्यात घातलेले हापूस पिकण्याऐवजी शिजायला लागले होते.

फिटर हा चिपळूणकडचा, पंचविशीतला मुलगा, पण हवेविषयी बोलताना एखाद्या कीर्तनकारासारखा रंगायचा. त्याने आल्याबरोबर आढ्याकडे नाही, वळचणीकडे पाहिलं. पत्रा बसवणाऱ्यांनी वळचणीची सगळी तोंडं फळ्यांनी बंद केली होती. "वरून हवा काढायची तर खालून आत यायला नको?" तो म्हणाला. "नाहीतर गोळा वर फिरत राहणार आणि ओढणार तुमच्या माजघरातली हवा, तक्तपोशीच्या फटींतून." म्हणजे वरच्या एका भोकासाठी खाली कितीतरी भोकं. काकांनी कपाळाला हात लावला. दोन्ही बाजूंच्या वळचणीच्या फळ्या निघाल्या, तिथे पाखरं आणि उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बसली. आढ्याजवळच्या त्रिकोणी भिंतीत पूर्वीचा एक झरोका होता, तो मात्र त्याने बंद करायला लावला. उघडा ठेवला तर हवा तिथूनच शिरणार आणि शेजारच्या गोळ्यातून निघून जाणार. ओटीवरूनच पाणी पिऊन परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी, आतल्या माणसांची विचारपूसही न करता. आणि एवढं करून त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पत्र्याची झळ थेट खाली येते ती या गोळ्याने थांबणार नाही. गोळा नेतो ती फक्त तापलेली हवा. विक्रेत्याने आपल्याच मालाची मर्यादा सांगावी, याने काका इतके हेलावले की घासाघीस करायचंच विसरले.

माझी पुतणी मिनेसोटात असते. तिला फोनवर ही कथा सांगितली तर ती म्हणाली, आमच्या छपराला तर जन्मतःच भोकं आहेत. तिथे माळ्यावर हवा खेळवतात ती हिवाळ्यात छप्पर गार राहावं म्हणून! घरातली ऊब वर गेली की छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं, तिथे पुन्हा गोठून बांध घालतं, आणि मागे तुंबलेलं पाणी घरात उतरतं. म्हणजे बर्फाच्या देशातही माणसं शेवटी छपराच्या गळतीनेच बेजार. भोकं किती असावीत याचाही तिथे नियम आहे: माळ्याच्या दर तीनशे चौरस फुटांना एक चौरस फूट, काही ठिकाणी दीडशेला एक. हा तीनशेचा आकडा १९४२ साली तिथल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमांत आला आणि मग देशभरच्या छपरांवर चढून बसला. पुढे इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम रोज यांनी त्याचं मूळ खणायला घेतलं, तर त्याखाली भक्कम प्रयोगाचा पाया काही सापडला नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्याकडेही बऱ्याच गोष्टी 'पूर्वीपासून असंच करतात' एवढ्याच आधारावर नीट चाललेल्या आहेत.

तसं पाहिलं तर वरून उघडं असण्याची लाज जुन्या घरांना कधी नव्हतीच. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाला सवणं असायचं. त्यातून उजेड खाली आणि धूर वर, आणि पोरं माळवदावर पालथी पडून त्यातूनच खाली काय शिजतंय ते बघणार. पाऊस आला की कुणीतरी धावत जाऊन त्यावर घमेलं पालथं घालायचं. सिंधमधल्या हैदराबादेत तर घरोघरी छपरावर वारा पकडणारे मंघ होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहत. बर्नार्ड रुडॉफ्स्की यांच्या १९६४ सालच्या पुस्तकात त्यांचं छायाचित्र आहे. सबंध शहर कुणाची तरी हाक ऐकायला एकाच बाजूला कान लावून बसल्यासारखं दिसतं.

भोक पाडण्याचा दिवस उजाडला तेव्हा काका सकाळपासून आंघोळ करून तयार होते, मुंज असल्यासारखे. फिटरने आढ्यापासून थोडं खाली, दोन वाशांच्या मधली जागा धरली, खडूने वर्तुळ आखलं आणि कटर चालू केला. आम्ही माळ्यावर उभे होतो. आधी नुसती किंचाळी, मग पत्र्यात उजेडाची एक बारीक नखाएवढी कोर, ती हळूहळू वळत गेली, आणि शेवटी सबंध तबकडी निखळून फिटरच्या हातात आली. त्याच क्षणी उन्हाचा एक गोल ठोकळा माळ्यावर उतरला. तो नेमका पाळण्यावर पडला. शिसवी पाळणा, ज्यात काका, बाबा आणि आत्या झुलल्या, मग आम्ही. त्याच्या कडेच्या पितळी मोरांवर इतकी वर्षं कुणी ऊन पाहिलं नव्हतं. मोरांना काय वाटलं कोण जाणे. काकांनी मात्र पुढे होऊन त्यांची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. तोवर वरून गोळा बसला आणि ऊन बंद झालं.

कापलेली तबकडी काकूंनी लगेच मागून घेतली. कडा ठोकून घेतल्या, आणि ती आता न्हाणीघरातल्या पाण्याच्या पिंपावर आहे. आमच्या घरात भोकसुद्धा वाया जात नाही.

दोन-तीन दिवसांत फरक जाणवला. रात्री पंखा गरम वारा ढकलेनासा झाला. माळ्यावर दुपारीही माणूस उभा राहू शके. पण आणखी एक गोष्ट झाली, जी कोटेशनमध्ये नव्हती. माळ्याचा वास गेला. जुना पेंढा, आमसुलं, कापराच्या वड्या, धुराने काळे झालेले वासे, मागच्या किती दिवाळ्यांची उटणी, या सगळ्यांचा मिळून एक वास तिथे होता, आणि तो त्या गोळ्यातून गरगरत समुद्राकडे निघून गेला. काकू काही काढायला वर गेल्या आणि जिन्यातच थांबल्या. "सासूबाईंच्या लुगड्यांचा वास यायचा हो इथे," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, घरातलं कुणी न सांगता बाहेर गेल्यावर विचारतात तसं विचारलं होतं. काकांनी जुनी ट्रंक उघडली, एक इरकल काढलं आणि वळणीवर टांगलं. वाऱ्याने त्याचा पदर हलत राहिला. वास येतो का, ते दोघांनीही सांगितलं नाही.

आता वाद अढीचा आहे. पुढच्या वर्षी आंबे पुन्हा माळ्यावर घालायचे, असं काकूंचं म्हणणं. जागा आता थंड झाली आहे. काकांचं म्हणणं, नको तितकी थंड झाली आहे, वारा खेळतो, आंबा पिकायला ऊब लागते, अढीला भोक चालत नाही. मग पूर्वेच्या कोपऱ्यात घालू, तिथे वारा कमी, काकू म्हणतात. तिथे उंदीर, काका म्हणतात. वळचणीला जाळी बसवलीय ना तुम्हीच. हो, पण त्या मेल्या जाळीतून मुंगी येते त्याचं काय?