यंत्राला हवाय माणूस जामीन

यंदा आमच्या रोह्याच्या घरचा गणपती पोरांनी फोनला सांगून ठरवला. पेणच्या कारखान्याला फोन करून नव्हे, फोनलाच सांगून.

‘शाडूचा, दीड फुटी, डाव्या सोंडेचा, पीतांबर पिवळा, पेणचाच’ एवढं मराठीत बोलायचं. मग फोनमधला सहायक दुकानं धुंडाळतो, भाव काढतो, नाव-पत्ता भरतो. भरलाही पठ्ठ्यानं. पैशाच्या पायरीवर मात्र थबकला आणि अदबीनं म्हणाला, ‘आपण यंत्रमानव नाही, हे कृपया सिद्ध करा. ही पायरी मला पार करता येत नाही.’

येणार कशी? खोटं बोलायला अजून शिकला नसावा.

म्हणजे गिऱ्हाईक यंत्र, गल्ल्यावर यंत्र, दारावरचा पहारेकरीही यंत्र. आणि या तिघांच्या व्यवहारात ‘मी माणूस आहे’ असं शपथेवर सांगायला रोह्याचा निवृत्त कारकून! यंत्रं आली, नोकऱ्या गेल्या अशी ओरड करणाऱ्यांनी ही जागा टिपून ठेवावी. बिनपगारी आहे, पण कायम आहे.

बसलो मी कॅप्चा सोडवायला. नऊ चौकोन आले. फर्मान सुटलं : ‘पादचारी पट्टे असलेली चित्रं निवडा.’

पट्टे? आम्हाला विचारताय? अहो, मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या साली पाळण्यात असलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं. पट्टे मारायला आधी रस्ता लागतो, रस्त्याला डांबर नाहीतर काँक्रीट लागतं, आणि ते पावसाळ्यानंतरही जागेवर राहावं लागतं. आम्हाला खड्डे असलेले चौकोन निवडायला सांगा, डोळे मिटून नऊच्या नऊ निवडतो. ‘काम चालू, सावकाश जा’ची गंजलेली पाटी दाखवा, वडखळची की नागोठण्याची तेही सांगतो. दर वर्षी गणपतीच्या आधी खड्डे बुजवण्याची नवी तारीख जाहीर होते. तारखेपर्यंत खडी पडते आणि विसर्जनापर्यंत तिचंही विसर्जन होतं. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या मूर्ती टेम्पोत पेंढ्यावर बसून याच वाटेनं कोकणात उतरतात. सोंड शाबूत पोचते ती कारागिराच्या हाताची पुण्याई आणि टेम्पोवाल्याच्या कमरेचं बलिदान! पण या टेम्पोवाल्याचं चित्र त्या नऊ चौकोनांत कधी येत नाही. येतात ती परदेशातल्या चकचकीत चौरस्त्यांची, आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या लाल नळांची. तो नळ रोह्यात कुणी पाहिलाय का? मी नाही पाहिला, म्हणून मी यंत्र ठरलो. ‘पुन्हा प्रयत्न करा.’

गंमत पुढेच आहे. जगभरच्या माणसांनी अशा चौकोनांवर फुकट टिचक्या मारल्या आणि त्यातून यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवलं गेलं. शिकवणी आमची, परीक्षाही आमचीच, आणि नापास पुन्हा आम्हीच.

तेव्हा ही परीक्षा बंद करू नका, फक्त परीक्षार्थी बदला. ज्यांना वर्षानुवर्षं हे खड्डे दिसत नाहीत, त्यांच्यापुढे पेण ते कोलाड नऊ चौकोनांत मांडा आणि विचारा, यात रस्ता कुठे आहे? बरोबर उत्तर येईपर्यंत त्यांचा पगार ‘पुन्हा प्रयत्न करा’वर अडकवून ठेवा.