नवे यंत्र मंद करण्याची शास्त्रोक्त पद्धत

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्यांनाही फ्लॅटची कागदपत्रे हातात पडल्यावरच कळते. तालुक्याचे गाव पौड. तिथून पश्चिमेला भातखाचरे, धरण, ताम्हिणी आणि पाऊस. पूर्वेच्या टोकाला राजीव गांधी इन्फोटेक पार्क. तिथल्या काचेच्या इमारतींत जी कामे चालतात, त्यांतले एक मोठे काम म्हणजे परदेशातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे म्हातारे प्रोग्रॅम मरू न देणे. सनाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची जुन्या प्रोग्रॅमांची सवय २००० साली अंगाशी येणार असे दिसू लागले, तेव्हा भारतीय कंपन्यांनी कोबोलच्या ओळीच्या ओळी उपसल्या आणि त्यातून पुढचा धंदा वाढला. हेच काम शनिवारी, बिनपगारी, एखाद्या जुन्या संगणकीय खेळातल्या माकडांच्या बेटासाठी किंवा पर्शियाच्या राजपुत्रासाठी केले की त्याला छंद म्हणतात. पुढील मार्गदर्शन शनिवारच्या कामाचे आहे. सोमवार ते शुक्रवारचे ज्याला जमते त्याला ते अवघड जाऊ नये, तरी जाते.

इच्छुकाची पात्रता फार मोठी नाही. शाळेच्या संगणक कक्षाबाहेर बूट काढून, एका यंत्रामागे तिघे अशा दाटीत बसून त्याने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहिलेला असावा. स्वतः खेळलेला असलाच पाहिजे असे नाही, कारण कळफलक बहुधा तिसऱ्याच्याच हाती असे. शुद्धतावादी मंडळी इथेच हरकत घेतील. त्यांच्या मते साहसी खेळ म्हणजे डोके खाजवायला लावणारा: १९७६ साली विल क्राउदर या गुहावेड्या प्रोग्रॅमरने केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून रचलेला, पुढे १९७७ मध्ये डॉन वुड्सने वाढवलेला निव्वळ मजकुराचा खेळ, मग १९८४चा ‘किंग्ज क्वेस्ट’, १९९०चा ‘मंकी आयलंड’. उड्या मारणारा राजपुत्र त्या घराण्यातला नव्हे. हरकत रास्त आहे आणि ती फेटाळण्यात येत आहे. साहस म्हटले की ज्यांना जमिनीतून सर्रकन वर येणारे सुळे आठवतात, त्यांना घराण्याची वंशावळ ऐकवून उपयोग नाही.

आता मूळ माल शोधावा. तो माळ्यावर असतो. माळा मुळशीतला असेल तर फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली तबकडी उजेडात धरावी. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. ताम्हिणीकडच्या पावसात ती लागली नाही तरच आश्चर्य. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये सारू नये. तिचे वाटोळे तर होतेच, वर ड्राइव्हचे डोके घाण होऊन पुढच्या धडधाकट फ्लॉप्याही ओरखडल्या जातात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तबकडी हलक्या हाताने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि एकदा वाचता आली की तिची प्रतिमा करून मूळ फ्लॉपी बाजूला ठेवावी. सीडीवाल्यांनी हसण्याचे कारण नाही. बेलीझच्या दमट हवेत बुरशीने सीडीचा थर खाल्ल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ सालीच दाखवले आहे, आणि बेलीझने मुळशीचा जुलै पाहिलेला नाही.

साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी वाचायला यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह पुरतो. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना ड्राइव्हच मिळवावा लागतो आणि तो आजच्या यंत्राला जोडायला ग्रीझवीझल नावाचे छोटेसे कार्ड. ड्राइव्हच्या शोधात बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जावे, वायरींसाठी तपकीर गल्लीत. विक्रेत्याने ‘कशाला पाहिजे?’ असे विचारल्यास ‘ऑफिसचं काम आहे’ असे सांगावे. खरे कारण कळले तर भाव चढतो. हौसेला मोल नाही हे त्याला गिऱ्हाइकापेक्षा जास्त ठाऊक असते.

माळ्यावर काहीच न सापडल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. खुद्द प्रिन्सचा कर्ता जॉर्डन मेकनर आपल्या १९८९च्या अ‍ॅपल-टूवरील खेळाचा मूळ प्रोग्रॅम हरवून बसला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचे खोके सापडले, जाणकारांनी त्या वाचून दिल्या आणि मेकनरने तो प्रोग्रॅम जगासाठी खुला केला. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे धोरण पाळणारे वडील केवळ महाराष्ट्रातच होतात असा समज असेल तर तो सोडावा.

फायली हाती आल्या की इच्छुक त्यांतल्या मुख्य फायलीवर दोनदा टिचकी मारतो. मारू द्यावी. विंडोज ११ त्याला नम्रपणे कळवते की हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. इच्छुक चिडतो: यंत्रात १६ गिगाबाइट मेमरी, खेळाला लागते ६४० किलोबाइट, मग अडते कुठे? अडते ते ताकदीपाशी नाही. विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीवरचे हे खेळ सोळा बिटांचे. चौसष्ट बिटांच्या चालीत गेलेला प्रोसेसर ज्या खास सोयीवर डॉस चालवायचा तीच बंद करतो, म्हणून चौसष्ट बिटांच्या विंडोजने डॉस चालवणारा थरही काढून टाकला. आणि विंडोज ११ दुसऱ्या प्रकारात मिळतच नाही. बत्तीस बिटांच्या विंडोज १० मध्ये तो थर होता, पण त्या विंडोजचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

तेव्हा नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र बसवावे लागते. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा फुकट प्रोग्रॅम नेमके तेच करतो. प्रोसेसर, चित्रांचे कार्ड, आवाजाचे कार्ड, सगळ्याचे सोंग तो एकटा वठवतो. खेळाचा फोल्डर त्याला ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दाखवण्याचा आदेश द्यावा, आत जावे, खेळाचे नाव टंकावे. टंकताना रोमनच वापरावी. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवणारे जिस्ट कार्ड पुण्याच्या सी-डॅकने पुरवले होते खरे, पण पर्शियाच्या वजिराने ते कधी मागवल्याचे ऐकिवात नाही.

इथून पुढचा भाग सर्वांत नाजूक.

त्या काळच्या अनेक प्रोग्रॅमांनी घड्याळाकडे न पाहता यंत्राच्या दमावर काळ मोजला. अमुक इतक्या फेऱ्या झाल्या म्हणजे एक क्षण गेला, असा हिशेब. मूळ आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता तोवर हिशेब जुळला. यंत्रे वेगवान झाली तशी पात्रे वाऱ्यासारखी धावू लागली. म्हणून मधल्या काळातल्या डब्यांवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे, आणि नावावरून वाटते त्याच्या उलट, त्याचा खरा उपयोग वेग खाली आणण्यासाठी होता. बोरलँडच्या पास्कलमध्ये लिहिलेल्या पुष्कळ प्रोग्रॅमांची तर याहून मजा झाली. सुरू होताच ते यंत्राचा वेग मोजत. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे उत्तर इतके मोठे येऊ लागले की ते ठरलेल्या जागेत मावेना, आणि प्रोग्रॅम ‘दोनशे क्रमांकाची चूक, शून्याने भागाकार’ असे ओरडून पडू लागला. वेगाने माणसे मेल्याचे रस्त्याच्या कडेच्या पाट्या सांगतात. प्रोग्रॅम मेल्याची ही अस्सल नोंद.

डॉसबॉक्समध्ये कंट्रोल दाबून एफ-११ने वेग उतरतो, एफ-१२ने चढतो. सुरुवात ३००० फेऱ्यांच्या आसपास करावी. पात्र दारातून आत येता येता पलीकडच्या भिंतीला लागले तर उतरवावा. एका पावलात चहा उकळून झाला तर चढवावा. सांगायला सोपे आहे. परंतु ज्याचे आयुष्य प्रोग्रॅम दोन सेकंदांवरून एका सेकंदावर आणण्यात गेले, वार्षिक मूल्यमापनात त्याचेच गुण मिळाले, त्याला स्वतःच्या हाताने लाखाच्या लॅपटॉपला १९९०चा करायचा म्हणजे बोटे वळत नाहीत. अशांनी बायकोला बटण दाबायला सांगावे. ती एका झटक्यात वेग बरोबर बसवते, कारण तिला फक्त तो माणूस नीट चालताना दिसायला हवा असतो.

आवाजाचे प्रकरण तीन आकड्यांत संपते. खेळाने विचारले की साउंड ब्लास्टर सांगावे: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. ‘का?’ असे विचारू नये.

मंकी आयलंडसारख्या खेळांना एवढी यातायात लागत नाही. लुकासफिल्मच्या खेळविभागाने १९८७ साली ‘मेनियॅक मॅन्शन’ करताना खेळाची कथा-चित्रे वेगळी आणि ती चालवणारा प्रोग्रॅम वेगळा अशी घडी बसवली. त्या साधनाला स्कम म्हणत. २००१ साली लुडविग स्ट्रिगियस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी चालवणारा प्रोग्रॅमच नव्याने लिहून काढला. हा स्कमव्हीएम मूळ खेळातल्या फक्त माहितीच्या फायली घेतो, आणि आज तो ‘किंग्ज क्वेस्ट’वाल्या सिएराच्या खेळांपासून इतर कंपन्यांच्या खेळांपर्यंत पुष्कळ काही चालवतो. अँड्रॉइड फोनवरही चालतो. म्हणजे संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघालेला माणूस भूमकर चौक येईपर्यंत एखाद्या बेटावरून सुटका करून घेऊ शकतो. स्वतःची मागाहून होते.

मंकी आयलंडची जुनी आवृत्ती मिळाल्यास जंगलातल्या झाडाच्या बुंध्याकडे जरूर पाहावे. बुंध्यात भुयार आहे असे सांगून खेळ बावीस क्रमांकाची फ्लॉपी मागतो, मग छत्तीस, मग एकशे चौदा. अशा फ्लॉप्या नव्हत्याच. तो विनोद होता. लोकांनी कंपनीला फोन करून करून इतका वैताग दिला की पुढच्या आवृत्त्यांतून तो काढला. त्यासाठी कोणीही पुन्हा माळ्यावर चढू नये.

खेळ सुरू झाला तरी तो ओळखपत्र मागतो. मंकी आयलंडसोबत पुठ्ठ्याची दोन चाके येत. ती फिरवून चाच्याच्या तोंडाचे दोन अर्धे जुळवायचे आणि खिडकीत दिसणारे साल टंकायचे. प्रिन्समध्ये पहिली पातळी संपली की अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची खोली येई आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर प्यावे लागे. आपल्याकडे फिरणाऱ्या चोरट्या प्रतींतून हे अडथळे कोणीतरी आधीच काढलेले असत. पुस्तिका नसली तरी पहिल्या डॉस आवृत्तीत खेळाच्या नावापुढे ‘मेगाहिट’ टंकले की पातळ्या ओलांडता येतात, हे ज्ञान मात्र पुस्तिकेविना शाळाशाळांत पोचले होते.

चोरट्या प्रतींचा विषय निघालाच आहे तर मालकी हक्क पाहून घ्यावा. भारताचा १९५७चा स्वामित्वहक्क कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राखतो. रीतसर विकत घेतलेल्या प्रतीची जपणुकीसाठी नक्कल करू देतो. ‘बेवारस’ असा वर्ग त्यात नाही. किंग्ज क्वेस्ट पडीक दिसतो म्हणून कुंपण घालू पाहणाऱ्याने त्याचे फेरफार वाचावेत, मुळशीकराला ते ओळखीचे वाटतील. मूळ मालक केन आणि रॉबर्टा विल्यम्स यांची सिएरा. १९९६ला सीयूसीने घेतली, सीयूसीच्या विलीनीकरणातून सेंडंट झाली आणि १९९८ला तिच्या हिशेबातला घोटाळा बाहेर आला, मग आव्हास, त्यांच्यामागे विवेंदी, २००८ला अ‍ॅक्टिव्हिजन, आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट. जमीन तीच, ताबेदार बदलत गेले, कसायला कोणी नाही. झंझट नको असेल तर २००८ पासून जुने खेळ दुरुस्त करून विकणारे पोलंडचे जीओजी आहे. फुकटच हवे तर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्यावा. त्याच्या कर्त्यांनी १९९४चा हा खेळ २००३ साली स्वखुशीने मोकळा केला. आणि तो खरोखर चांगला आहे, जे फुकटच्या मालाबाबत दरवेळी म्हणता येत नाही.

स्थळकाळाचाही विचार हवा. गुरुवार टाळावा; दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा तो वार. एरवीही भरवसा नको. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळे ज्या धरणाविरुद्ध उभे राहिले, त्या मुळशीच्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्यात वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. धरणाकाठच्या गावात पावसाळ्यात दिवे गेले की इन्व्हर्टरवाल्याचे नाव काढले जाते. ‘मिस्ट’ हा १९९३चा खेळ, ज्यात देखण्या इमारतींच्या निर्मनुष्य बेटावर काय झाले असावे हे एकट्याने हुडकायचे असते, तो मुळशीतल्याच लवासा शहरात सोमवारी दुपारी खेळावा. वेगळे वातावरण निर्माण करावे लागत नाही.

वीज जाण्याच्या भीतीने खेळ वरचेवर जतन करण्याची सवय लागते, ती सिएराच्या खेळांत जीव वाचवते. मात्र दर वेळी नव्या नावाने जतन करावे, जुन्यावर लिहू नये. १९९०च्या पाचव्या किंग्ज क्वेस्टमध्ये सुरुवातीला केलेली चूक खेळ पोटात ठेवतो आणि फार उशिरा ठार मारतो. गावातल्या बेकरीत मिळणारी कस्टर्डची पाई राजाने वाटेत खाल्ली, तर पुढे बर्फात यती समोर येतो तेव्हा त्याच्या तोंडावर मारायला हातात काही उरत नाही, आणि बेकरी मागे राहिलेली असते. डोंगरात भूक लागली की मटणाची तंगडी खावी, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी गरुडाला लागते.