सगळं सापडणारं फंक्शन

"आज जरा उशीर होईल, दहाच ओळींचं काम आहे," असं नवऱ्याने फोनवर सांगितलं की प्रोग्रॅमरची बायको कुकरमध्ये तांदूळ कमी लावते. आमच्याकडेही तेच झालं.

काम मात्र खरोखर दहा ओळींचं दिसत होतं. आमच्या कंपनीत सी भाषेतला एक वयस्कर प्रोग्रॅम आहे. तो अधूनमधून कोसळतो आणि मग जीडीबी हा डीबगर घेऊन पंचनामा करायचा असतो. रिचर्ड स्टॉलमननी १९८६ मध्ये लिहिलेल्या या जीडीबीला २००९ च्या ७.० आवृत्तीपासून पायथन कळतं. 'या नावाचं व्हेरिएबल कुठे आहे?' असं पायथनमधून विचारायची सोयही त्यात आहे. पण आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीत ग्लोबल नावं शोधणारं फंक्शन स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलीपुरत्या असलेल्या नावांकडे ढुंकूनही बघत नव्हतं. तीही शोधणारं फंक्शन मी लिहितो, असं मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं नसताना बोलून गेलो.

पहिला प्रयत्न झकास झाला. जीडीबीतल्या 'लुकअप_सिंबॉल' या नाव शोधणाऱ्या फंक्शनवर पायथनचं पातळ वेष्टन चढवलं आणि साहेबांना बोलावून दाखवलं. जे नाव द्यावं ते सापडत होतं. साहेबांनी खवचटपणे 'साबुदाणा' टाइप केलं. सापडला. स्वतःचं आडनाव टाकलं. तेही सापडलं. 'प्रमोशन' टाकून बघायचा मोह मी आवरला. झालं होतं असं, की लुकअप_सिंबॉल एकच चीज परत देत नाही, जोडी देतं. पहिलं सिंबॉल, आणि दुसरं, ते चालू ऑब्जेक्टचं फील्ड आहे का याचं हो-नाही. काहीच सापडलं नाही तरी 'नन' आणि 'फॉल्स' अशी जोडी हातात पडते, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही जोडी म्हणजे 'खरं'. दोन नकार मिळून एक होकार! सरकारी कचेरीतसुद्धा अशी सोय नाही.

ते दुरुस्त केलं, तर प्रोग्रॅम सुरू करण्याआधी नाव विचारल्यावर 'नो फ्रेम सिलेक्टेड' अशी तंबी मिळाली. बरोबरच आहे. कुठून शोधायचं हे सांगितलं नाही तर जीडीबी चालू फ्रेमपासून, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फंक्शनमध्ये थांबलाय तिथपासून शोधतो, आणि सुरूच न झालेल्या प्रोग्रॅमला फ्रेम कुठली? खरा घोटाळा पुढेच होता. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'स्टेट' नावाचं स्टॅटिक व्हेरिएबल फाइलीफाइलीत आहे. चाळीच्या अंगणात उभं राहून "बाळ्याऽ" अशी हाक मारावी आणि ज्या गॅलरीतून पहिलं डोकं बाहेर येईल त्यालाच आपला बाळ्या समजावं, तसं माझं फंक्शन वागत होतं. दुपारभर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळ्याची उलटतपासणी घेत बसलो.

मग पायथनचा नाद सोडून थेट जीडीबीच्या सी++ मध्ये शिरलो. सगळे बाळ्या यादीत गोळा करून द्यायचे, एवढंच. पण इथे प्रत्येक पायथन ऑब्जेक्ट कितीजणांनी धरून ठेवलंय याचा हिशेब आपला आपण ठेवावा लागतो. माझा हिशेब शाळेपासून कच्चा. आता जीडीबीच कोसळू लागला. तो तपासायला दुसरा जीडीबी लावला. अशा वेळी माणसाचा गोंधळ होऊ नये म्हणून वरच्याचा प्रॉम्प्ट 'टॉप-जीडीबी' असा बदलायची व्यवस्था कर्त्यांनी करून ठेवली आहे. तरीही 'क्विट' मी चुकीच्याच ठिकाणी दिलं. शेवटी टेस्ट लिहायला बसलो, तर जीडीबीच्या टेस्ट डेजाग्नू नावाच्या टेस्ट-चौकटीवर चालतात, म्हणजे लिहायच्या टीसीएलमध्ये. दहा ओळींसाठी तिसरी भाषा! शिकलो, करतो काय.

टेस्ट पास झाल्या. पेढे मागवणार, तेवढ्यात नुकतीच रुजू झालेली एक मुलगी खुर्चीमागे येऊन म्हणाली, "सर, नव्या जीडीबीत हे आहे की. लुकअप_स्टॅटिक_सिंबॉल्स. यादीच देतं." तिने मॅन्युअल वाचलं होतं. हल्लीच्या मुलांना काही सवयी फार वाईट असतात.

कंपनीने जीडीबीची आवृत्ती बदलली. माझा पॅच माझ्याकडेच पडून आहे. कोणाच्या ऑफिसात अजून जुनी आवृत्ती चालत असेल तर जरूर कळवा. फुकट देईन, टीसीएलमधल्या टेस्टसकट. फक्त घेण्याआधी कृपा करून मॅन्युअल उघडू नका.