वानप्रस्थाचे वजनपत्रक

कॅम्पिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधुनिक व्रताची व्याख्या अशी करता येईल की, घरी छप्पर, पलंग आणि नळाचे पाणी असलेल्या माणसाने या तिन्ही गोष्टींचा दोन रात्रींपुरता स्वेच्छेने त्याग करणे आणि त्या त्यागासाठी आगाऊ आरक्षण करून पैसे भरणे. या व्रताची विशेष खर्चिक, आणि म्हणूनच विशेष सात्त्विक मानली गेलेली, एक शाखा दक्षिण कॅलिफोर्नियात आढळते. तीत साधक स्वतःच्या किंवा भाड्याच्या चार आसनी विमानातून किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या सांता कॅटालिना बेटावर उतरतो, विमान दोरांनी जमिनीला बांधतो आणि पाठीवर तंबू घेऊन साधेपणाच्या शोधात निघतो.

हे बेट १९१९ मध्ये च्युइंगमचे कारखानदार विल्यम रिग्ली यांच्या ताब्यात आले आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संवर्धन संस्थेकडे आज त्याची सुमारे ८८ टक्के जमीन आहे. अॅव्हलॉन या बेटावरच्या एकमेव नगरात मोटार बाळगायची तर परवाना लागतो आणि त्यासाठीची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे हलत नाही; विमानाला मात्र पूर्वपरवानगी आणि उतरण्याचे शुल्क एवढे पुरते. 'आकाशातला विमानतळ' असे काव्यमय नाव मिरवणारा इथला विमानतळ १९४० च्या दशकात दोन टेकड्यांचे माथे छाटून आणि मधली घळ भरून तयार करण्यात आला, यावरून निसर्गाच्या सान्निध्यात जाण्यासाठी निसर्गाला आधी थोडे बाजूला सरकवावे लागते हे तत्त्व तेव्हाही प्रस्थापित होते असे दिसते. समुद्रसपाटीपासून १,६०२ फूट उंचीवरची, जेमतेम ३,००० फूट लांबीची ही धावपट्टी मध्येच उंचावलेली असल्यामुळे एका टोकाला उभ्या असलेल्या वैमानिकाला दुसऱ्या टोकाचे विमान दिसत नाही, आणि पट्टी संपते तिथे जमीनही संपते. २०१९ मध्ये तिची झीज इतकी झाली होती की मरीन सैनिकांनी आणि नौदलाच्या बांधकाम पथकांनी सरावाचा भाग म्हणून ती काँक्रीटने नव्याने बांधून दिली. साध्या राहणीच्या प्रसारासाठी महासत्तेचे सैन्य कामाला लागल्याची उदाहरणे इतिहासात फार नसावीत.

या व्रताचे खरे धर्मशास्त्र मात्र बेटावर नसून उड्डाणापूर्वी भरल्या जाणाऱ्या वजनपत्रकात आहे. विमान, इंधन, माणसे आणि सामान यांच्या वजनांची बेरीज ठरलेल्या कमाल उड्डाणवजनाच्या आत राहते की नाही आणि भरलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी पडतो की नाही, हे दाखवणारा हिशेब म्हणजे वजनपत्रक. १९५६ पासून विकल्या जाणाऱ्या आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेल्या सेस्ना १७२ या विमानाच्या अलीकडच्या बनावटीचे कमाल उड्डाणवजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो असते. त्यातून विमानाचे स्वतःचे सुमारे ७७० किलो आणि भरलेल्या टाक्यांतील इंधनाचे सुमारे १४५ किलो वजा केले की २४० किलो उरतात, म्हणजे आसने चार असली तरी सुदृढ माणसे तीनच मावतात आणि तीही तंबूशिवाय. पुष्पक विमानात कितीही जण बसले तरी आणखी एकाला जागा उरते अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. सेस्नाच्या कॅन्सस राज्यातील कारखान्याला ते तंत्र अद्याप साधलेले नाही. टाक्या जवळजवळ रिकाम्या ठेवाव्यात तर बेटावर विमानाचे इंधन मिळत नाही, त्यामुळे परतीची सोय येतानाच वाहून आणावी लागते. परिणामी ज्या अपरिग्रहाचा उपदेश साधुसंतांनी शतकानुशतके केला आणि ज्याकडे गृहस्थांनी तितकाच काळ कानाडोळा केला, तो इथे वजनकाट्यावर पाऊण तासात सिद्ध होतो: फुगवायची गादी उतरते, बिडाचा तवा उतरतो, दुसरी चादर उतरते, आणि मग सगळ्यांच्या नजरा मेहुण्याकडे वळतात. माणसांनी सांगितलेल्या स्वतःच्या वजनात अनुभवी वैमानिक मनातल्या मनात पाच किलो मिळवतो, हा भाग पत्रकात लिहिला जात नाही.

प्रत्यक्ष उड्डाण समोरच्या किनाऱ्यावरच्या लाँग बीच शहराहून वीस-पंचवीस मिनिटांचे. त्यापूर्वी हवामान पाहणे, टाक्यांच्या तळाचे इंधन काढून त्यात पाणी नाही ना हे तपासणे, तेल मोजणे, पंखा आणि चाके न्याहाळणे हे सोपस्कार असतातच. शिवाय एकमेव इंजिन समुद्रावर बंद पडले तर दोन्हींपैकी एक किनारा तरंगत गाठता यावा म्हणून, दर १,००० फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल या हिशेबाने, सहा-साडेसहा हजार फूट चढावे लागते, ते लगेच खाली येण्यासाठी. तोवर त्याच शहराच्या बंदरातून निघालेली फेरीबोट साधारण तासाभरात आपल्या उतारूंना, त्यांच्या गाद्यांसह आणि मेहुण्यांसह, अॅव्हलॉनच्या धक्क्यावर उतरवते.

शुद्ध हवेचाही विचार झाला पाहिजे. अशा इंजिनांत जाळल्या जाणाऱ्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये आजही शिसे मिसळलेले असते. मोटारींच्या पेट्रोलमधून ते अमेरिकेने १९९६ मध्ये पूर्णपणे हद्दपार केले, विमानांतून बाहेर पडणारे शिसे आरोग्याला घातक असल्याचा निर्णय तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये दिला, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा इंधनाची विक्री २०३१ पासून बंद होणार आहे. तोवर ताशी तीस-पस्तीस लिटर या प्रमाणात ते फवारत शुद्ध हवेकडे जाण्याची मुभा आहे.

बेटावर साधकाला भेटणारे बायसन, म्हणजे आपल्या गव्यांचे केसाळ अमेरिकी भाऊबंद, हेही मूळचे तिथले नव्हेत. १९२४ मध्ये चित्रीकरणासाठी आणलेले चौदा बायसन परत नेणे महाग पडते म्हणून तिथेच सोडण्यात आले, असे सांगतात. परतीच्या खर्चाचा विचार आधी न करण्याची बेटावरची परंपरा अशी जुनी आहे. विमानतळाच्या उपाहारगृहात बायसनच्या मांसाचा बर्गर प्रसिद्ध आहे आणि केवळ खाण्यासाठी केलेल्या अशा उड्डाणाला वैमानिक मंडळी 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात, पण ही संज्ञा पुष्कळ जुनी असल्यामुळे तिला भाववाढ लावून घ्यावी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी थंड समुद्रावरून येणारा ढगांचा सपाट थर या बेटाला वरचेवर वेढतो आणि डोळ्यांनी पाहून उडण्याचाच परवाना असलेला वैमानिक त्यातून जाऊ शकत नाही. सोमवारी कार्यालय गाठायचेच, या हट्टाने निघालेल्यांचे काय होते हे अपघातांच्या अहवालांत वाचायला मिळते. म्हणून शहाणा वैमानिक विमान बांधलेलेच ठेवतो, सोळा किलोमीटर रस्ता कापून अॅव्हलॉनला उतरतो, सोबत्यांसह फेरीबोटीने घरी जातो आणि पुढच्या शनिवारी विमान आणण्यासाठी त्याच फेरीबोटीने पुन्हा येतो. अमेरिकी नियमांनुसार खाजगी वैमानिकाला इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे एवढाच खर्च सोबत्यांत वाटून घेता येतो, आणि त्यातही स्वतःचा वाटा इतरांपेक्षा कमी ठेवता येत नाही. फेरीबोटीच्या तिकिटांविषयी नियम काहीच सांगत नसल्यामुळे ती कोणी भरायची याचा वाद पुढच्या कॅम्पिंगपर्यंत चालू राहतो, आणि त्या वादात मेहुण्याची बाजू भक्कम असते, कारण तो मुळात बोटीनेच आलेला असतो.