पंचवीस टक्क्यांचा पुतण्या

माणसाला सख्खे नातेवाईक किती, हे त्याच्या तेराव्याला कळत नाही. त्या दिवशी निम्मे जण गाडी चुकल्याचं कळवतात आणि उरलेले पंगत उरकून निघतात. खरी मोजदाद होते ती त्याच्या नावावर काहीतरी सापडल्यावर. आमच्या अण्णाकाकांची मोजदाद व्हायला बरीच वर्षं लागली, आणि ती सुरू करण्याचा मान माझ्याकडे आला.

फोनवर फार गोड आवाजाची मुलगी होती. "आपण कैलासवासी अण्णासाहेबांचे पुतणे का?" अण्णाकाकांना हयातीत कोणी साहेब म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे रक्कम मोठी आहे, हे मी तिथेच ओळखलं.

अण्णाकाकांचे जुने शेअर्स कुठेतरी पडून आहेत आणि तिची संस्था ते मला मिळवून देणार, असा मामला होता. मोबदला मिळकतीच्या पंचवीस टक्के, वर जीएसटी.

"कंपनी कुठली?"

"ते करारानंतर सांगू, सर."

"शेअर्स किती?"

"तेही करारानंतर."

"निदान काका तरी आमचेच ना?"

"हो सर, ते आम्ही तपासलंय."

म्हणजे मरणोत्तर का होईना, अण्णाकाकांची चौकशी करायला एक माणूस निघाला होता. आम्ही कधी केली नव्हती. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि काका गोदीतली कारकुनी संपवून गिरगावच्या चाळीत एका खोलीत राहत. चहाला गेलं की कपात दूध कमी आणि उपदेश जास्त असायचा. चिकट म्हणून आमच्या घरात त्यांची ख्याती होती. पण हा चिकट माणूस वाचवलेल्या पैशांचं करतो काय, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

आता कळतं की त्यांनी काळ बरोबर हेरला होता. १९७३ च्या 'फेरा' कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा साधारण चाळीस टक्क्यांवर आणायला लावलं. कोलगेटसारख्या कंपन्यांनी १९७८ च्या सुमारास शेअर्स लोकांना विकायला काढले, आणि तेव्हा शेअरचा भाव सरकारचा नियंत्रक ठरवायचा, तोही बेताचाच. ज्या कारकुनांनी त्या वेळी अर्ज भरले आणि नंतर बोनस शेअर्स नुसते कपाटात ठेवले, ते झोपेतच श्रीमंत झाले. आमचे काका त्यातले. ते २००४ साली गेले आणि त्यानंतर लाभांशाची पाकिटं चाळीच्या पत्त्यावर जात राहिली. पुढे चाळ पडून टॉवर झाला. टॉवरचा वॉचमन कैलासवासी माणसाची पाकिटं घेत नाही.

कंपनी कायद्याप्रमाणे सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही, तर तो आणि त्यामागचे शेअर्सही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तो निधी सांभाळणारं प्राधिकरण २०१६ मध्ये स्थापन झालं. तिथे नाव शोधायला पैसे पडत नाहीत आणि दाव्याच्या अर्जालाही शुल्क नाही. खऱ्या मालकाला कळावं म्हणून कंपन्यांना अशा भागधारकांची नावं आणि शेवटचे पत्ते संकेतस्थळावर टाकावे लागतात. म्हणजे जी यादी मला फुकट दिसावी म्हणून लावलेली होती, तिच्यातलीच एक ओळ झाकून ही मुलगी ती मला पंचवीस टक्क्यांना विकत होती.

माझा संताप अनावर झाला. त्यात मी निवृत्त बँक अधिकारी. या विषयातला जाणकार. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीकडे पाठवायच्या असतात, आणि आमच्या शाखेत ती यादी मीच करायचो. फार नेटकी असायची. त्यातल्या एकाही ठेवीदाराच्या दारी वारस शोधायला मी गेलेलो नाही, हे बायकोने चहा ठेवता ठेवता सांगितलं. पण तो मुद्दा वेगळा.

रात्री जागून मी जगभरचं नीतिशास्त्र वाचलं. इंग्लंडमध्ये वारस नसलेल्या मृतांच्या मिळकतींची सरकारी यादी निघाली की वारसशोधकांच्या संस्था तिच्यावर तुटून पडायच्या. बीबीसीने २००७ पासून त्यावर मालिकाच चालवली. कॅलिफोर्नियात सरकारजमा मालमत्ता शोधून देणाऱ्याला दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. फ्रान्समध्ये हा धंदा इतका जुना आहे की त्याला वंशावळतज्ज्ञ असं भारदस्त नाव आहे. पण तिथेही २००६ च्या कायद्याने अट घातली, की ज्याचा त्या वारशाशी थेट आणि रास्त संबंध आहे त्याने काम सोपवलं तरच वारस शोधायचा. आपणहून कोणाच्या मेलेल्या काकांत डोकवायचं नाही.

हे सगळं मी सकाळच्या कट्ट्यावर मांडलं. "माहिती लपवून टक्केवारी घेणं ही खंडणी आहे," असं वाक्यही टाकलं. एक जण म्हणाला, "पण त्यांनी फोन केला नसता, तर तुम्हाला शंभर टक्क्यांचे किती मिळाले असते?" कट्ट्यावर हल्ली कोणीही येऊन बसतं.

मग मी स्वतःच शोधायला बसलो. संकेतस्थळावर नाव इंग्रजीत टाकावं लागतं, आणि मराठी माणसाचं नाव इंग्रजीत किती प्रकारांनी चुकवता येतं याची मला कल्पना नव्हती. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुठे शेवटी एक 'ए' जास्त. अखेर एका मध्यरात्री गिरगावच्या चाळीचा पत्ता समोर आला, खोली क्रमांकासकट. मी ओरडलो तशी बायको उठली. तिला वाटलं झुरळ.

दुसऱ्या दिवशी त्या संस्थेला मी एक ईमेल लिहिलं. त्यात 'सचोटी', 'मृताचा सन्मान' आणि 'रक्ताचं नातं' हे शब्द होते. मुलीचं एका ओळीचं उत्तर आलं : "ओके सर, ऑल द बेस्ट." त्या शुभेच्छेत काहीतरी होतं, हे मला वकिलाकडे गेल्यावर कळलं.

वकील माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला आधी माझी नैतिक भूमिका ऐकवली. तो म्हणाला, "टक्केवारीचा सौदा आपल्याकडे मुळातच बेकायदा नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगितलंय : दाव्याला पैसा पुरवून हिस्सा घेणं चालेल, पण लुबाडणूक दिसली तर करार टिकणार नाही. आम्हा वकिलांना मात्र निकालावर टक्के ठरवायला बार कौन्सिलची बंदी आहे. म्हणून मी आता जे सांगणार त्याची फी तू आधी देशील." फी दिल्यावर त्याने विचारलं, "काका गेले तेव्हा त्यांची कोण भावंडं हयात होती?"

"बाबा आधीच गेले होते. मधले काकाही. फक्त आत्या होती, इंदूरची."

"होती म्हणजे?"

"आहे. एक्याण्णव वर्षांची आहे."

त्याने पुस्तक उघडलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाला बायको-मुलं, आई यांच्यापैकी कोणी नसेल, तर दुसऱ्या वर्गाची यादी लागते. तिच्यात पहिल्या नोंदीत वडील, दुसऱ्या नोंदीत भाऊ आणि बहीण. पुतणे-भाचे थेट चौथ्या नोंदीत. वरच्या नोंदीतला एकही माणूस असला, तर खालच्यांना काही नाही. "सगळं आत्यांचं," तो म्हणाला. "तुझा हिस्सा शून्य."

शून्याचे पंच्याहत्तर टक्के किती, हे निवृत्त बँक अधिकाऱ्याला कागद न घेता करता येतं.

मग त्या संस्थेने मला का शोधलं? तेही उलगडलं. त्यांनी आमचा कुलवृत्तांत वापरला होता. त्यात पुरुषांच्या नोकऱ्या, बदल्या, छंद, फोन नंबर असं सगळं आहे. मुलींच्या बाबतीत मात्र लग्न झालं की शाखा खुंटते. आत्याबद्दल एकच ओळ आहे : 'विवाहित, इंदूर.' सासरचं नावसुद्धा नाही. संपादक मंडळात मी होतो. माझ्याबद्दल दीड पान आहे. ज्या वंशावळीवर एवढा मोठा धंदा उभा होता, तिच्यातून खरी वारस आम्हीच गाळून ठेवली होती.

इंदूरला फोन केला. आत्या अजिबात चकित झाली नाही. "अण्णाचे शेअर्स? ठाऊक आहेत की. दर दिवाळीला पत्रात लिहायचा, कुठल्या कंपनीने बोनस दिला ते. पत्रं आहेत ट्रंकेत."

"मग बोलली नाहीस ते?"

"विचारलं कोणी?"

मग काम सुरू झालं आणि टक्केवारीबद्दलचे माझे विचार दर आठवड्याला पातळ होत गेले. काकांचा मृत्यूचा दाखला. काकूंचा मृत्यूचा दाखला. आजी-आजोबांचे दाखले, जे त्या काळी कोणी केलेच नव्हते. मूळ शेअर सर्टिफिकेटं गायब, म्हणून पोलिसांत तक्रार आणि डुप्लिकेटची धावपळ. रक्कम मोठी, म्हणून न्यायालयाचा वारसा दाखला. सगळ्यांत अवघड होतं ते आत्याला आत्या ठरवणं. माहेरची कुमुद लग्नात वैजयंती झाली, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि आधारवर दुसरी. या दोघी एकच, हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करताना नोटरी माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की मीच ही बाई बनवून आणली आहे. आणि शेअर्स परत मिळतात ते डीमॅट खात्यातच, म्हणून एक्याण्णव वर्षांच्या म्हातारीचं खातं उघडणं आलं. मोबाइलसमोर पापण्या मिटा-उघडा म्हणायची सूचना आली की आत्या डोळे मिटायची आणि रामरक्षा म्हणू लागायची.

न्यायालयाच्या दाखल्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघाली, कोणाची हरकत आहे का म्हणून. अण्णाकाकांच्या तेराव्याला ज्यांची गाडी चुकली होती, ते सगळे त्या आठवड्यात वेळेवर पोहोचले. कायद्याची यादी मी प्रत्येकाला फोनवर समजावून सांगितली. एका चुलतभावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण तू यात किती टक्के घेतोयस?" मी रक्ताच्या नात्यावर बोलायला लागलो, तर त्याने फोन ठेवला.

आता माझं मत असं आहे. शोधण्याचे, धावपळीचे, नोटरीच्या नजरा झेलण्याचे पैसे जरूर घ्यावेत. ते मी आता कोणालाही नाकारणार नाही. पण आधी कंपनीचं नाव सांगावं, सरकारी अर्ज फुकट आहे हे सांगावं, आणि मग विचारावं, स्वतः धावणार की आम्ही धावू? ज्याला हे सांगूनही गिऱ्हाईक मिळतं, तो मेहनतीचं घेतो. ज्याला लपवल्याशिवाय मिळत नाही, तो आपल्या बेफिकिरीवर जगतो. आणि बेफिकिरीचा पुरवठा आमच्यासारख्या घरांतून अखंड आहे. त्या मुलीने निदान काकांचं नाव नीट उच्चारलं होतं. आम्ही कुलवृत्तांतात त्यांच्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घही चुकवला आहे.

शेअर्स आत्याच्या खात्यात आले, त्या दिवशी तिने फोन केला. "तो परका पंचवीस टक्के मागत होता म्हणतोस. तू एवढा पळालास. तुला किती देऊ?"

बायको शेजारी उभी राहून बोटांनी दहा दाखवत होती. कॅलिफोर्नियाचा कायदा तिलाही पाठ झाला होता. पण कट्ट्यावरची सगळी भाषणं मला आठवली आणि मी म्हणालो, "छे छे आत्या, मला काही नको."

"बरं," आत्या म्हणाली.

आमच्या घराण्यात आग्रह तीनदा करायची रीत आहे. पण ती पंगतीतल्या जिलबीपुरती. शेअर्सच्या बाबतीत एकदाच विचारतात.